काशीबाई हसत का नाहीत

सरिता बोरस्तेला नको तिथे नाक खुपसायची सवय होती आणि त्याबद्दल तिला काडीचाही पश्चात्ताप नव्हता. सकाळी शाळेत मराठी शिकवायची आणि संध्याकाळी नाशकातल्या निम्म्याअधिक कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करायची. सत्कार असो, गाण्याचा कार्यक्रम असो नाहीतर कुणाची एकसष्टी, माइक सरिताच्याच हातात. लग्नाला गेली तर नवरीच्या मामाचा धंदा काय, तो मांडवातून रुसून का गेला आणि परत कुणी आणला, एवढं सगळं जेवणं उठायच्या आत तिला ठाऊक झालेलं असायचं. नवरा म्हणायचा, "तू पोलिसात जायला हवी होतीस." ती म्हणायची, "तिथं एवढं बोलू देत नाहीत."

अशा बाईच्या हाती सुवार्ताबाई सायमन लागल्या, मग काय विचारता!

सुवार्ताबाई म्हणजे 'बिऱ्हाड नंबर नऊ'मधल्या काशीबाई. टीव्हीवर एकच वाहिनी होती आणि आठवड्यातून एकदा अख्खं घर त्या पेटीसमोर बसायचं, तेव्हाची ती विनोदी मालिका. त्यातली शेजारीण काशीबाई परात घेऊन उसनंपासनं मागायला यायची, एक वाक्य टाकायची आणि निघून जायची. लोक हसून लोळायचे. ती मात्र कधी म्हणजे कधीच हसायची नाही. काळाभोर रंग, आखूड कुरळे केस, नऊवारी, आणि देवळाच्या खांबासारखा निश्चल चेहरा. मराठी टीव्हीवर असा चेहरा त्याआधी कुणी पाहिला नव्हता. विनोदी मालिकेत तर नाहीच नाही.

आता शहरातल्या नाट्यमंडळाने बाईंना जीवनगौरव द्यायचं ठरवलं होतं आणि रंगमंचावर त्यांची मुलाखत सरिताने घ्यायची होती. मंडळाचे अध्यक्ष योगेश सोनवणे हे उत्साहाचं उधाण. त्यांनी पहिल्याच बैठकीत सुचवलं, "ताई, स्वागताला आफ्रिकन ढोल ठेवूया का? पिसंबिसं लावलेली मुलं नाचतील."

"बाई कुठल्या आहेत माहीत आहे का तुम्हाला?" सरिताने विचारलं.

"आफ्रिकेच्याच ना?"

"शरणपूर रोडच्या. तुमचं घर झालं त्याच्या शंभर वर्षं आधीपासून."

ढोल रद्द झाले. सरिताने तयारी आधीच केली होती. बाईंची पणजी लहान पोर असताना गुलामांच्या जहाजावरून सोडवली गेली आणि शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. तिच्यासारखी पुष्कळ मुलं तिथं होती. मोठी झाल्यावर बहुतेक जण समुद्रापलीकडे आफ्रिकेत परत गेले. पणजी गेली नाही. तिच्यासारख्याच एका सुताराशी तिने लग्न केलं आणि नाशकातच राहिली. तेव्हापासून या घराण्याची भाषा मराठी, जेवण बाजरीची भाकरी आणि भांडणं नळावरची.

एवढं कळलं तरी सरिताच्या डोक्यातला किडा वळवळत होताच. ही बाई हसत का नाही?

जुने भाग कुणीतरी कॅसेटवरून उतरवून इंटरनेटवर टाकले होते. सरिता पोळ्या लाटता लाटता मोबाइल डब्याला टेकवून ते बघायची. एका संध्याकाळी तिच्या हातातलं लाटणं थांबलं. सुरुवातीच्या भागांत काशीबाई हसत होत्या! चांगल्या खळखळून, मान मागे टाकून. मग एका भागात चाळीतली वीज जाते, पडदा काळा होतो आणि नायक म्हणतो, "अहो काशीबाई, हसा बघू, म्हणजे कळेल तरी कुठे आहात!" अंधारात हसू ऐकू येतं, मेणबत्ती पेटते, उजेडात बाईंचे पांढरे दात. मागून हशाचा गडगडाट. आणि पुढच्या भागापासून शेवटपर्यंत ओठांची कडसुद्धा हललेली नाही.

पोळी करपली. सरिताने गॅस बंद केला आणि तोच भाग पुन्हा लावला.

याबद्दल नाशकात तर्क कमी नव्हते. कुणी म्हणे बाईंचे दात पडले होते. कुणी म्हणे नवरा गेल्यावर त्यांनी व्रत घेतलं. बाईंचं लग्नच झालं नव्हतं, पण तर्काला त्याचं काय? योगेशभाऊंचं म्हणणं, "ती त्यांची स्टाइल आहे हो, ताई. मोठे कलाकार असेच असतात."

सरिता शनिवारी बाईंच्या घरी गेली. शरणपूर रोडवरून आत वळलं की दोन खोल्यांचं बैठं घर, दारात जास्वंद आणि जिना नसूनही जिन्याखाली असावी तशी अंधारी पडवी. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सुवार्ताबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी सरितापुढेही एक गड्डा सरकवला. रिकाम्या हातांनी कुणी समोर बसलेलं त्यांना खपत नसे.

"विचार," त्या म्हणाल्या. "पण परातीपासून सुरू कर. सगळे तिथूनच करतात."

"परात का, बाई?"

"मुंबईला स्टुडिओत गेले तर दिवे सगळे गोऱ्यांच्या हिशेबानं लावलेले. मी उभी राहिले की नुसती साडी दिसायची. मेकअपवाल्यानं तोंडाला पांढरं फासलं, तर मी राखेतून उठल्यासारखी दिसले. दिग्दर्शक म्हणाला, सुवार्ताबाई, तुम्ही जरा मागंच राहा. मी म्हटलं, मागंच राहायचं होतं तर नाशिक काय वाईट होतं? दुसऱ्या दिवशी घरून स्टीलची परात नेली. पीठ उसनं मागायला आले, परात अशी पोटाशी धरली तिरकी. वरचा दिवा परातीत पडायचा आणि तिथून माझ्या तोंडावर. कॅमेरावाला म्हणाला, अरे, आज दिसल्या! मग दर भागात काहीतरी उसनं मागत फिरले."

"आणि लोकांना वाटलं विनोदासाठी आहे."

"विनोद होताच की. दोन्ही कामं झाली."

सरिताला हा खजिनाच सापडला. मग तिने एकेक पाकळी सोलत हळूच तो वीज जाण्याचा भाग काढला. बाईंचे हात लसूण सोलतच राहिले. सरिताने आयुष्यात फार थोड्या वेळा जीभ आवरली असेल. त्या वेळी तिने ती आवरली.

"तो भाग लागला तेव्हा मी इथंच होते," बाई म्हणाल्या. "अख्ख्या गल्लीत एकच टीव्ही, तो आमच्याकडं. पडवीपर्यंत माणसं. ते वाक्य आलं आणि सगळे हसले. आपलेच लोक, वाईट कुणी नव्हतं. आई उठली आणि तिनं टीव्ही बंद केला. माणसं चपला घालून गेली. मग म्हणाली, त्यांना उजेड पाहिजे तर त्यांनी कंदील घ्यावा. तुझे दात कशाला?"

"मग तुम्ही..."

"मग मी हसायचं बंद केलं. दिग्दर्शक आरडाओरडा करायचा, अहो हसा! मी नुसती बघत राहायचे त्याच्याकडं. तेच पडद्यावर गेलं आणि लोकांना आवडलं. पोतं भरून पत्रं आली, न हसणाऱ्या काशीबाईंसाठी. मग दिग्दर्शकच सांगायला लागला, की बाई, हसू नका हं!" त्यांनी लसणाची सालं सुपात गोळा केली. "आईनं मात्र परत एकही भाग बघितला नाही. भाजी निवडायला मागच्या दारी जाऊन बसायची. गेली तेव्हा मालिका चालू होती."

मालिका संपल्यावर पुष्कळ कामं आली. कुठे मोलकरीण, कुठे भूत, कुठे जंगलची राणी. बाईंनी सगळ्यांना नमस्कार केला आणि नाशकात परत येऊन शाळांमध्ये नाटकं बसवली.

निघताना त्यांनी सरिताला एक अट घातली. "मी येईन. काय विचारायचं ते विचार. पण ते वाक्य माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही. या गावात माझं काही शेवटचं राहणार असेल तर ते वाक्य नको. म्हटलं कुणी, तर मी उठून घरी जाईन, शाल तिथंच टाकून."

सरिताने शब्द दिला आणि त्याच रात्री योगेशभाऊंना फोन करून बजावलं, "वीज जाण्याची ती क्लिप दाखवायची नाही. बाईंना चालणार नाही." योगेशभाऊ म्हणाले, "शब्द दिला, ताई. क्लिप दाखवणार नाही."

शब्द त्यांनी पाळला. अगदी अक्षरशः पाळला, तिथेच घोळ झाला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी कालिदास नाट्यगृहात सरिता रंगमंचावर माइक तपासत होती. प्रकाशयोजना सांभाळणारे निसारभाई वरून ओरडले, "मॅडम, मुलाखत संपली की ब्लॅकआउट मी देतो, तुम्ही घाबरू नका!"

"कसला ब्लॅकआउट?"

"सरप्राइज आहे ना!"

सरिताचं धाबं दणाणलं. तिने विंगेत योगेशभाऊंना गाठलं. त्यांच्या चेहऱ्यावरून आनंद नुसता ओसंडत होता. प्रमुख पाहुणे म्हणून साक्षात विद्याधर केळुसकर आले होते, 'बिऱ्हाड नंबर नऊ'चे नायक, ऐंशीच्या घरातले, अजूनही मोठ्या पडद्यावर आजोबा होणारे. शेवटी दिवे जाणार आणि अंधारात विद्याधरराव ते प्रसिद्ध वाक्य म्हणणार. नाशिक डोक्यावर घेईल.

"अहो, मी नको म्हटलं होतं!"

"क्लिप नको म्हटलं होतं तुम्ही. क्लिप कुठे आहे? हे लाइव्ह आहे!" योगेशभाऊ खरोखरच गोंधळले होते. "आणि ताई, यात वाईट काय आहे? लोकांचं प्रेम आहे त्या वाक्यावर. विद्याधरराव त्याच्यासाठी मुंबईहून आलेत. आता त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू?"

सरिता विद्याधररावांकडेही गेली. ते चहा पीत होते. तिचं बोलणं त्यांनी सौजन्याने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुली, सुवार्ता माझी जुनी मैत्रीण आहे. तिला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो." मग निसारभाईंना विनवून झालं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, कुणीतरी एकानं सांगा ना मला. अध्यक्ष एक बोलतात, तुम्ही दुसरं बोलता. मी बिचारा स्विचवाला."

बाहेर तिसरी घंटा व्हायची होती. गप्प बसावं, तर आपण शब्द दिलेल्या बाईला तोंडघशी पाडायचं. सांगावं, तर बाई उठून जाणार आणि भरलेल्या नाट्यगृहापुढे रिकामी खुर्ची घेऊन बसायचं. सरिताने पदर खोचला आणि मेकअपच्या खोलीत गेली.

बाई आरशासमोर बसल्या होत्या. तोंडाला पावडरसुद्धा नव्हती. सरिताने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, "बाई, रिक्षा बोलावू का? मी लोकांना काय ते सांगते."

सुवार्ताबाई आरशातून तिच्याकडे बघत राहिल्या. तेच ते बघणं.

"सगळे दिवे जाणार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की विचार. विद्याधरवर एखादा स्पॉट ठेवतील. पहिल्यापासून त्याला सवय आहे."

सरिता धावत वर गेली आणि धापा टाकत परत आली. "सगळे जाणार. पूर्ण अंधार. निसारभाई म्हणाले, दारांवरच्या दिव्यांच्या पाट्यासुद्धा झाकणार."

"मग चल," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "माझ्या पदराला पिन लाव."

मुलाखत झकास झाली. परातीच्या गोष्टीला टाळ्या पडल्या, जंगलच्या राणीला हशा. पण सरिताचं अर्धं लक्ष वर निसारभाईंच्या खिडकीकडे होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, विद्याधरराव माइक घेऊन बाईंच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले. जुन्या दिवसांबद्दल चार गोड वाक्यं बोलले. आणि दिवे गेले.

अंधार इतका गच्च, की सरिताला स्वतःच्या मांडीवरचा कागद दिसेना. विद्याधररावांचा तो कमावलेला आवाज घुमला, "अहो काशीबाई, हसा बघू! म्हणजे कळेल तरी कुठे आहात!"

पुढच्या रांगांतली जुनी माणसं ओळखीच्या आनंदाने हसली. मागे तरुण पोरं बसली होती, तिकडून फारसं काही आलं नाही. सरिताने शेजारच्या खुर्चीकडे हात नेला. बाई तिथेच होत्या, उठल्या नव्हत्या. हशा ओसरला. मग खोकले थांबले. तरी बाई बोलेनात. लोकांना वाटायला लागलं की काहीतरी बिघडलं, आणि नेमकं तेवढं वाटू दिल्यावर त्या अगदी घरगुती आवाजात म्हणाल्या, "विद्याधरराव."

"काय हो?"

"तुम्हीपण दिसत नाही."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सबंध नाट्यगृह कोसळलं. बाईंनी तोही हशा पुरता ओसरू दिला. मग काळजीने म्हणाल्या, "आवाज ओळखीचा वाटतोय. जरा हसता का? म्हणजे कळेल कुठे आहात."

विद्याधररावांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी बिचाऱ्यांनी खरंच "हॅ हॅ" केलं. त्यावर जो हशा उठला तो कालिदासच्या छपराने लक्षात ठेवावा असा होता. निसारभाई दिवे लावायचेच विसरले. त्या गदारोळात सरिताला शेजारच्या खुर्चीतून एक दाबलेलं, खुदखुदणारं हसू ऐकू आलं. दिवे आले तेव्हा बाईंचा चेहरा कोरा होता आणि विद्याधरराव घाम पुसत होते. त्यांनी माइक खाली घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "अजून लक्षात ठेवलंस तू?"

"तुमच्या लक्षात आहे ना? मग माझ्या नसेल?" बाई म्हणाल्या.

हे फक्त सरिताने ऐकलं. आणि सरिताने एकदा ऐकलं की सुटका नाही. पुष्पगुच्छ, सेल्फी, योगेशभाऊंचे "बघा ताई, डोक्यावर घेतलं की नाही!" एवढं सगळं उरकेपर्यंत तिने कसाबसा धीर धरला. मेकअपच्या खोलीचं दार लावलं आणि विचारलं, "बाई, ते वाक्य तुम्हाला आज सुचलं ना?"

सुवार्ताबाई पिन काढत होत्या. "नाही गं. तेव्हाच सुचलं होतं. तालमीत. त्यानं त्याचं वाक्य म्हटलं, मी लगेच म्हटलं, तुम्हीपण दिसत नाही. सगळं युनिट हसलं. चहावालासुद्धा किटली खाली ठेवून हसला."

"मग काढलं का?"

"हसले म्हणून काढलं. हशा नायकाचा असतो, शेजारणीनं तो पळवायचा नाही. विद्याधर म्हणाला, माझं वाक्य पडतं. दिग्दर्शकानं मला सांगितलं, बाई, तुम्ही नुसतं हसा. आणि मी हसले. पोटाचा प्रश्न होता, नवीन होते. हसले." त्यांनी पिन डबीत टाकली. "आईनं टीव्ही बंद केला ना, त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आई, मी उत्तर दिलं होतं. शप्पथ दिलं होतं. ती म्हणाली, असेल. आम्हाला नाही ऐकू आलं."

सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"आजचं शूटिंग झालंय ना गं?" बाईंनी विचारलं. "तो पोरगा कॅमेरा घेऊन उभा होता."

"झालंय बाई, सगळं झालंय. पण..." सरिता घुटमळली. "त्या वेळचा नुसता काळोख दिसेल हो त्यात. चेहरा नाही येणार तुमचा."

"नसू दे," सुवार्ताबाई म्हणाल्या. "आवाज आलाय का, तेवढं जाऊन बघून ये."